फुटबॉल खेळणारी पोरं वाया गेलेली नसतात
आज दुपारी घरी ‘सेव्हन्स’ हा २०११ चा मल्याळम चित्रपट पाहत होतो. तो संपत आला असताना घरातले एक ज्येष्ठ म्हणाले, “फुटबॉलच्या नादाला लागलेल्या पोरांचं शेवटी हेच होतं.” वयाचा मान राखून तेव्हा गप्प बसलो, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

कुंचाको बोबन, असिफ अली, निविन पॉली यांनी यात केरळातल्या कोझिकोडमध्ये किरकोळ कामे करून सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांचे फुटबॉल खेळणारी तरुण मुले साकारली आहेत. मैदानावर समोरच्या खेळाडूला जायबंदी करण्यापासून त्यांची घसरण सुरू होते आणि ती सुपारी घेणाऱ्या टोळ्यांच्या तावडीत सापडतात. हा मारधाडपट आहे, त्यामुळे उत्तरार्धात फुटबॉल मागे पडतो आणि हाणामारी पुढे येते, हेही एक वेळ मान्य. पण ते पाहून खेळालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला सहन होत नाही.

माझा आतेभाऊ आमच्या पेठेतल्या संघाकडून खेळायचा. एका सामन्यात त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. मंडळाचे पदाधिकारी फळांची पिशवी घेऊन आले, फोटो काढून गेले आणि शस्त्रक्रियेसाठी आत्याच्या पाटल्या गहाण पडल्या. त्याला नादाला कोणी लावले होते? गोल झाल्यावर त्याला खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या आपणच ना!

केरळातल्याच मलप्पुरममध्ये भाताची कापणी झालेल्या शेतांतही सेव्हन्सचे सामने रंगतात. दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू, आखूड मैदान, तात्पुरत्या उभारलेल्या गॅलरीत खच्चून भरलेली माणसे आणि प्रकाशझोतात चाललेली धुमश्चक्री. नायजेरिया, घानाहून आलेले खेळाडूसुद्धा तिथे पोटासाठी खेळतात. त्या गर्दीच्या जिवावर स्पर्धा चालतात, पण पाय मोडलेल्या पोराच्या घरची चूल कशी पेटते, हे विचारायला त्यातले कितीजण जातात? आत्याच्या दारात तर नंतर कोणीच आले नाही.

काही मुले खरोखर वाईट संगतीला लागतात, हे मी नाकारत नाही. मात्र त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकणारा आय. एम. विजयन केरळ पोलिसांच्या संघात गेला आणि पुढे भारताचा कर्णधार झाला. २०२२ च्या संतोष करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत, मंजेरीतल्या उपांत्य सामन्यात केरळकडून बदली खेळाडू म्हणून उतरून कर्नाटकावर पाच गोल चढवणारा जेसिन याच मलप्पुरम जिल्ह्यातला. अशा पोरांना वेळेवर कोणीतरी हात दिला, की ती कुठवर जातात, हे आपण पाहिलेले आहे.

इथवर लिहिल्यावर राग थोडा निवळला आहे, कारण आतेभावाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रात्रभर रुग्णालयाच्या बाकावर बसून राहिलेले तेच ज्येष्ठ होते. भाऊ आजही जेवायला मांडी घालून बसू शकत नाही; ते पाहूनच त्यांच्या तोंडून असे निघत असावे. त्यांची भीती मला समजते, त्यांचा निष्कर्ष मात्र मुळीच पटत नाही.

यंदाच्या स्पर्धेत बक्षिसांची रक्कम जाहीर करण्याआधी जखमी खेळाडूंच्या उपचारांसाठी पैसे बाजूला काढावेत, अशी मागणी मी मंडळाच्या बैठकीत करणार आहे. पेठेतल्या ज्यांना हे पटते, त्यांनी बैठकीला यावे आणि तिथे बोलावे.