४ जुलैला "सगळं" घडलं म्हणणारा तो मेसेज

जून संपत आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, यावेळी मला तीन ग्रुपवर आला, एक माहेरचा, एक पुण्यातल्या सोसायटीचा आणि एक इथला न्यू जर्सीतल्या मराठी लोकांचा. दावा थोडक्यात असा की ४ जुलै ही अमेरिकेसाठी नियतीने ठरवलेली तारीख आहे. १७७६ मध्ये याच दिवशी ५६ जणांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि देश स्वतंत्र झाला, लिबर्टी बेल ही फिलाडेल्फियातली घंटा वाजली, इंग्लंडच्या राजाने डायरीत "आज विशेष काही घडलं नाही" असं लिहिलं, पुढे तीन राष्ट्राध्यक्ष याच तारखेला वारले ज्याची शक्यता म्हणे ४ कोटी ८६ लाखांत एक, शिवाय लुइझियानाची खरेदी, व्हिक्सबर्गची शरणागती, पहिली रेल्वे, पन्नास ताऱ्यांचा झेंडा, सगळं याच दिवशी. आणि खाली ठळक अक्षरात: हा योगायोग असूच शकत नाही!

हे शेवटचं वाक्य बऱ्याच अंशी बरोबर आहे. फक्त त्यामागे नियती नाहीये, माणसं आहेत. लोकांनी ही तारीख पुन्हा पुन्हा मुद्दाम निवडली, आणि मला ती गोष्ट चमत्कारापेक्षा कितीतरी जास्त आवडते, म्हणून एवढं लिहायला बसले.

आधी सह्यांचं बघू. फिलाडेल्फियाला भरलेल्या तेरा वसाहतींच्या सभेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, स्वातंत्र्याचा ठराव पास झाला २ जुलैला. रिचर्ड हेन्री ली यांनी तो ७ जूनला मांडला होता, २ तारखेला बारा वसाहतींनी बाजूने मत दिलं आणि न्यूयॉर्क गप्प बसलं, त्यांचा होकार आला ९ जुलैला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन अॅडम्स तिथे होते, त्यांनी ३ तारखेला बायकोला पत्र लिहिलं की २ जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा, रोषणाई करून साजरा करतील. सोहळ्याचं सगळं वर्णन तंतोतंत खरं ठरलं, तारीख तेवढी दोन दिवसांनी चुकली! ४ तारखेला काय झालं तर जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर झाला. तो त्याच रात्री जॉन डनलॅप नावाच्या छापखानेवाल्याकडे गेला आणि त्याने साधारण दोनशे प्रती काढल्या. त्या कागदावर नावं कोणाची आहेत? छापलेली दोनच, अध्यक्ष हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन. तळाशी छापखानेवाल्याचं सोडलं तर बाकी कोणाचंच नाही. चर्मपत्रावर सुबक अक्षरात लिहून घ्यायचा हुकूम निघाला १९ जुलैला, आणि बहुतेकांनी सह्या केल्या २ ऑगस्टला, काही तर त्याच्याही नंतर, न्यू हॅम्पशायरचे मॅथ्यू थॉर्नटन नोव्हेंबरमध्ये. मसुदा समितीतले रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांनी तर सही केलीच नाही. सही करणाऱ्यांची नावं छापून लोकांसमोर आली जानेवारी १७७७ मध्ये, आणि ती छापली बाल्टिमोरच्या एका बाईने, मेरी कॅथरीन गोडार्ड. तिचं नाव एकाही फॉरवर्डमध्ये मी आजवर वाचलेलं नाही. पकडले गेलो तर फाशी, अशा काळात तो कागद छापून खाली स्वतःचं नाव टाकणारी बाई होती ती.

मग गोंधळ झाला कुठे? चर्मपत्राच्या डोक्यावर तारीखच ४ जुलै १७७६ अशी आहे, ती मजकूर मंजूर झाल्याची तारीख, लोकांनी ती सह्यांची धरली. मेसेजसोबत जे चित्र येतं ना, टेबलाभोवती सगळे जमलेत आणि मसुदा लिहिणारे उंच जेफरसन कागद पुढे करताहेत, ते जॉन ट्रंबल यांचं, दोन डॉलरच्या नोटेच्या मागेही आहे. त्यात सह्या चाललेल्याच नाहीयेत, मसुदा समिती आपला मसुदा सादर करतेय, तो प्रसंग २८ जूनचा. आणि स्वतंत्र झालो असं म्हटल्याने लगेच झालं असंही नाही, ब्रिटनने ते कागदावर मान्य केलं ३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस करारात, मधली सात वर्षं लढाईची.

घंटेचं. आई इथे आली होती तेव्हा तिला फिलाडेल्फियाला घेऊन गेले होते. तडा गेलेली ती घंटा काचेच्या इमारतीत टांगलेली आहे, जवळ जाऊन वाचलं तर पेनसिल्व्हेनिया या शब्दात एक अक्षर कमी दिसतं कारण तेव्हा तसंही लिहायचे, आणि पास आणि स्टो या ओतकाम करणाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरात आहेत. आईने मला तिथेच विचारलं, "हीच वाजवली ना गं चार तारखेला?" नाही. म्हातारा घंटावाला वर वाट बघतोय आणि खालून पोरगं ओरडतं "वाजवा, वाजवा", ही गोष्ट जॉर्ज लिपर्ड या लेखकाने १८४७ मध्ये रचली. जाहीरनामा लोकांसमोर पहिल्यांदा मोठ्याने वाचला गेला ८ जुलैला, ही घंटा तेव्हा ज्या इमारतीत होती तिच्याच अंगणात, आणि गावातल्या घंटा दिवसभर आणि जवळजवळ रात्रभर वाजत होत्या असं अॅडम्सनीच लिहून ठेवलंय. आणि लिबर्टी बेल हे नाव तिला १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिलं, कारण तिच्यावर बायबलमधली ओळ कोरलेली आहे, देशभर सगळ्या रहिवाशांना मुक्ती जाहीर करा. सगळ्या. त्यांनी तो शब्द पकडला.

राजाच्या डायरीचा मुद्दा एका वाक्यात संपतो, तिसऱ्या जॉर्जने अशी डायरी लिहिलेलीच नाही, आणि फिलाडेल्फियाची बातमी लंडनला पोचायलाच ऑगस्ट उजाडला.

आता तीन राष्ट्राध्यक्ष. हे खरं आहे. जेफरसन आणि अॅडम्स दोघंही ४ जुलै १८२६ ला गेले, बरोब्बर पन्नासाव्या वर्धापनदिनी, एक दुपारी एकच्या सुमारास मॉन्टिचेलोत आणि दुसरे संध्याकाळी क्विन्सीत, आणि मनरो १८३१ मध्ये. पहिल्या दोघांचं वाचून माझ्याही अंगावर काटा येतो, ते लपवत नाही. पण ४ कोटी ८६ लाख हा आकडा फसवा आहे. तो ३६५ चा घन आहे, म्हणजे तीन ठरावीक माणसं आणि तारीखही आधीच ठरलेली असेल तर. आपण तर निकाल बघून मग माणसं निवडलीत! आजवर चाळीस राष्ट्राध्यक्ष वारलेत, त्यातून तिघांच्या ९,८८० जोडण्या होतात, आणि त्यातल्या कुठल्या तरी तिघांची कुठलीही एक तारीख जुळण्याची शक्यता १०० त सातएक निघते. फिलमोर आणि टाफ्ट दोघं ८ मार्चला गेले, ट्रुमन आणि फोर्ड दोघं २६ डिसेंबरला, त्यावर कोणी मेसेज करत नाही. शिवाय जेफरसन ८३ चे, अॅडम्स ९० चे, दोघंही खूप आजारी, आणि जेफरसन ३ तारखेच्या रात्री विचारत होते, चार झाली का? त्या दिवसापर्यंत टिकायचं हे त्यांच्या मनात होतंच.

बाकीची यादी बघा, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कोणाचा तरी हात दिसतो. फ्रान्सकडून लुइझियानाचा मुलूख विकत घेण्याचा करार झाला ३० एप्रिल १८०३ ला, वॉशिंग्टनमध्ये जाहीर झाला ४ जुलैला. उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, १८६३ मध्ये, दक्षिणेच्या व्हिक्सबर्गला ४७ दिवस वेढा होता, दक्षिणेचे सेनापती पेंबर्टन मूळचे उत्तरेतल्या पेनसिल्व्हेनियाचे, त्यांचा हिशोब असा की या दिवशी शरण गेलो तर समोरचे जरा बऱ्या अटी देतील. रेल्वे १८२८ मध्ये धावली नाही, बाल्टिमोरला पायाचा दगड बसला, आणि त्यासाठी मुद्दाम बोलावले होते नव्वदीचे चार्ल्स कॅरल, सही करणाऱ्यांतले शेवटचे जिवंत. त्याच दिवशी वॉशिंग्टनजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स, आधीच्या अॅडम्सचे चिरंजीव, कालव्याचं भूमिपूजन करत होते, कुदळ मुळाला अडली, परत मारली, परत अडली, शेवटी त्यांनी कोट काढून बाजूला टाकला आणि जोर लावला, तेव्हा लोकांनी एकच जल्लोष केला. पन्नास ताऱ्यांचा झेंडा १९६० मध्ये ४ जुलैला आला कारण १८१८ चा कायदाच आहे की नवीन राज्याचा तारा पुढच्या ४ जुलैला लागणार. फिलिपिन्सला १९४६ मध्ये याच दिवशी स्वातंत्र्य दिलं, म्हणजे तारीखसुद्धा अमेरिकेची, आणि १९६२ मध्ये त्या लोकांनी आपला स्वातंत्र्यदिन १२ जूनला नेला.

मला या मेसेजचा राग येतो तो एकाही यादीत नसलेल्या एका नोंदीमुळे. ४ जुलै १८२७, न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली. तारीख तिथेही मुद्दाम निवडलेली. पण न्यूयॉर्क शहरातल्या काळ्या लोकांनी आपली मोठी मिरवणूक काढली ५ जुलैला. जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक अख्खा परिच्छेद होता, तो १७७६ मध्ये त्याच दोन-तीन दिवसांत सभागृहाने काढून टाकला होता, मग आपला दिवस त्यांनी का नाही वेगळा धरायचा? पंचवीस वर्षांनी रॉचेस्टरमध्ये फ्रेडरिक डग्लस यांना स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं, तेही बोलले ५ तारखेला, १८५२ साली. स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस, समोर पाच-सहाशे श्रोते, बहुतेक गोरे, आणि भाषणभर ते तुमचा चार जुलै, तुमचा चार जुलै असं म्हणत राहिले, आपला असं नाही.