क्वांटमने तर्कशास्त्र मोडलं? नेमकं काय मोडलं ते पाहू

‘एकच विधान एकाच वेळी खरं आणि खोटं असतं, हे क्वांटम मेकॅनिक्सने सिद्ध केलं, बिर्खॉफ आणि फॉन नॉयमन या गणितज्ञांनी १९३६ साली ते गणिताने दाखवलं, म्हणून जुनं तर्कशास्त्र बाद.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातले तिन्ही दावे चुकीचे आहेत.

‘फोटॉन (प्रकाशाचा कण) आडवाही असतो आणि उभाही.’ हा पहिल्या दाव्यामागचा युक्तिवाद. ४५ अंशांत ध्रुवित, म्हणजे त्या तिरक्या दिशेत कंप पावणारा, फोटॉन कॅल्साइटच्या स्फटिकात सोडा. आडवी आणि उभी अशा दोन वाटा फुटतात. उलट्या बसवलेल्या दुसऱ्या कॅल्साइटने त्या पुन्हा एकत्र आणा आणि पुढे ४५ अंशांचा पोलरायझर (एकाच दिशेचं ध्रुवण जाऊ देणारी गाळणी) ठेवा. आदर्श मांडणीत सगळे फोटॉन पार होतात. एक वाट अडवली, तर फक्त पाव पार होतात; प्रत्येक फोटॉन एकाच वाटेने जात असता, तर दोन पाव मिळून निम्मेच पार झाले असते. म्हणजे ‘४५ अंश’ ही एकच, पक्की अवस्था आहे. तिच्याबद्दलचं कुठलंही विधान एकाच वेळी खरं आणि खोटं ठरत नाही.

‘१९३६ साली विसंगती सिद्ध झाली.’ हे कागदावर पडताळता येतं. एकाच बिंदूतून आडवी, उभी आणि ४५ अंशांची रेषा काढा. प्रत्येक रेषा म्हणजे एक विधान. ‘आणि’ म्हणजे सामाईक भाग, ‘नाही’ म्हणजे लंब रेषा. ‘किंवा’ म्हणजे दोघींना सामावणारं सर्वांत लहान अवकाश, इथे अख्खं प्रतल. आता ‘४५ आणि (आडवा किंवा उभा)’ याचं उत्तर ४५ची रेषा येतं, पण ‘(४५ आणि आडवा) किंवा (४५ आणि उभा)’ याचं उत्तर नुसता बिंदू. पडला तो वितरण नियम, म्हणजे ‘आणि’ कंसातल्या दोन्ही पर्यायांना वाटून देता येतो हा नियम. रेषा आणि तिची लंब रेषा यांच्यात मात्र बिंदूखेरीज काहीच सामाईक नाही, आणि दोघी मिळून प्रतल भरतात. विसंगतीला मज्जाव करणारा नियम शाबूत, ‘हे तरी किंवा हे नाही तरी’ हा नियमही शाबूत.

‘म्हणून विचार करायची रीतच बदला.’ तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९६८ साली हे गांभीर्याने मांडलं. पुढे त्यांनीच ती भूमिका सोडली. वरचा वितरणाचा पराभव आपण नेहमीच्याच तर्काने सिद्ध केला, हा यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप आहे.

खरा धक्का १९६७ च्या कोखेन-स्पेकर प्रमेयात आहे. सायमन कोखेन आणि अर्न्स्ट स्पेकर या गणितज्ञांनी त्रिमितीत ११७ दिशा निवडल्या. अट अशी: प्रत्येक दिशेला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर द्यायचं, परस्परलंब तिघींपैकी नेमक्या एकीला ‘हो’ द्यायचं, आणि शेजारी कुठल्या दिशा मोजल्या यावर उत्तर अवलंबून ठेवायचं नाही. असं वाटप अशक्य निघतं. मोजण्याआधीच सगळी उत्तरं ठरलेली असतात, या समजुतीवर हा घाव आहे. कागदावरच्या दोन मितींत तो बसत नाही. किमान तीन लागतात.