फाइल माझी, मर्जी ढगाची

परवा सकाळी अकरालाच पारा 42 वर. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरीचं छोटं युनिट, मी हिशेबाला बसलेलो, आणि लाइट गेली. गेली तर गेली, मे महिन्यात त्याचं कुणाला कौतुक! कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, राउटरसुद्धा आहे. पण नेटवाल्याची पेटी बाहेर खांबावर लटकते, तिला कुठला आलाय इन्व्हर्टर? राउटरवर तांबडा दिवा लागला.

नेमका तेव्हाच हैदराबादच्या व्यापाऱ्याचा फोन. "30 बाय 60 चा टॉवेल, डझनाला काय लावताय?" रेटची शीट ऑनलाइन. दोन मिनिटांपूर्वी समोर उघडी होती हो! पण कर्सर अडकल्यासारखा वाटला म्हणून मी शहाण्याने रिफ्रेश दाबलं. झालं. नेट नसलं की ब्राउझरमध्ये येतो तो बारका डायनासोर पडद्यावर. स्पेसबार दाबला की निवडुंगावरून उड्या मारतो. व्यापारी फोनवर "हॅलो, हॅलो" करतोय आणि माझ्यासमोर हा डायनासोर.

रात्री पुण्यातला भाचा म्हणतो, "मामा, ऑफलाइन चालतं की." चालतं रे बाबा. पण नेट असताना आधीच सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करून ठेवायचं, तेही त्याच मशीनवर, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच लॉगिनने. तहान लागण्याआधी विहीर खणून ठेवा म्हणे! पूर्वी एक्सेलची फाइल डेस्कटॉपवर असायची. दोनदा क्लिक केलं की उघडायची. तिला नेट लागत नव्हतं, "हे तुम्हीच आहात का" असं ती विचारत नव्हती. आता म्हणे सगळं क्लाउडवर, म्हणजे नेटवरून कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर. अरे, ढगाचा भरवसा सोलापूरकराला सांगता? इथं आभाळ काळंभोर भरून येतं आणि थेंबही न टाकता बार्शीकडं निघून जातं.

बरं, ब्राउझर तरी एक असावा? माझ्याकडं तीन आहेत. एकात बँक उघडते, दुसऱ्यात डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह चालतो, आणि तिसरा कशासाठी ठेवलाय ते आता मलाही आठवत नाही, पण काढायची भीती वाटते. बँकेच्या पोर्टलवर खाली अजून लिहिलेलं आहे, "इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसेल." तो मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 लाच बंद केला. दिवस घातले, तेरावं झालं, आणि हे अजून आमंत्रण धाडतायत! वर जवळजवळ प्रत्येक टॅब म्हणजे मेमरीत वेगळा संसार. आमच्या मशीनला 4 जीबी रॅम. आठ टॅब उघडले की पंखा असा घरघरतो की मागं लूम चालू आहे की कॉम्प्युटर तेच कळत नाही.

आणि ओटीपी! 50 हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागतो, त्याच्या लॉगिनला ओटीपी. तो जातो मेव्हण्याच्या मोबाइलवर, कारण नोंदणी त्याच्या नंबरवर. गेल्या महिन्यात मेव्हणा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये, भिगवणच्या अलीकडं, रेंज शून्य. ट्रकवाला गेटवर. "मालक, किती वेळ बे?" पाच-पाच मिनिटाला. मी काय सांगणार, कागद तयार आहे पण गाडी भिगवणला पोचू दे?

याच मेव्हण्याने युनिटच्या मेलवरच घरचे फोटो चढवून ठेवलेत. गुगलच्या फुकट खात्यात 15 जीबी, त्यातच मेल, त्यातच ड्राइव्ह, आणि 1 जून 2021 पासून चढवलेले फोटोही त्यातच मोजतात. पोराच्या मुंजीने जागा भरली आणि आमच्या ऑर्डरीचे मेल परत जायला लागले.

सगळ्यात जास्त मस्तकात गेलं ते लेबलचं. चादरीवरच्या लेबलचा मजकूर 15 वर्षांपूर्वी कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर "सोलापूर"च्या जागी एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे. कारण त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, मराठीचा नुसता मुखवटा. मुखवटा नेटवर नाही, म्हणून आमचं गाव असं दिसतं. रात्री बसून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच असलेल्या अक्षरांत, पुन्हा टाइप केलं.

आता कुणीतरी म्हणणारच, "वहीच बरी होती." मुळीच नाही. आमच्या दोन वर्षांच्या वह्या वाळवीने खाल्ल्यात, आणि हार्डडिस्क उडाल्यावर माणूस कसा रडतो तेही मला माहीत आहे. ढगात एक प्रत ठेवा, खुशाल ठेवा. पण एक माझ्या टेबलावर राहू द्या की! न विचारता, आपोआप. ते का जमत नाही बे?

तर तो फोन. व्यापारी थांबायला तयार नव्हता. लूमवरच्या अण्णांना हाक मारली, त्यांनी रेट तोंडपाठ सांगितला. तोच मी फोनवर सांगितला. "पक्कं," म्हणाला, "60 डझन." नंतर कळलं, अण्णांचा रेट जानेवारीचा होता. डझनामागं 40 रुपये कमी. म्हणजे 2400 गेले.

सव्वा वाजता लाइट आली. शीट आपोआप उघडली. वर कोपऱ्यात लिहिलेलं होतं, सर्व बदल सेव्ह झाले आहेत.