कोतरं पडीक नाहीत : नदीकाठी घरं बांधा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. दोन ग्रुप नातेवाइकांचे, एक सोसायटीचा, एक शाळेतल्या मित्रमैत्रिणींचा. मजकूर थोडक्यात असा : बडोदा वाढतंय, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लाखो घरं लागतील. जमीन मोकळी होत नाही म्हणून फ्लॅटचे भाव हाताबाहेर गेलेत. वुडाचा, म्हणजे बडोद्याच्या नागरी विकास प्राधिकरणाचा, २०३१ पर्यंतचा आराखडा आता जुना झाला, तेव्हा नवा करताना घरांचं मोठं उद्दिष्ट धरा आणि विश्वामित्री नदीच्या दोन्ही अंगांची खोलगट, पडीक, शेती झोनमधली जमीन निवासी करून टाका. पूर आजवा तलावाचं पाणी सोडल्यामुळे येतो, घरं बांधल्यामुळे नाही. विरोध करतात ते फक्त स्वतःचं घर झालेले लोक.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत माझी भाचीही आहे. ती आणि तिचा नवरा दोघंही नोकरी करतात, मांजलपूरला भाड्यानं राहतात, आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटची किंमत ऐकून दर वेळी गप्प होऊन परत येतात. त्यांची अडचण खरी आहे. म्हणूनच या मेसेजला ‘चुकीचं आहे’ एवढं म्हणून सोडून देता येत नाही.

सुरुवात ‘पडीक’ या शब्दापासून करते, कारण बाकी सगळं त्या शब्दावर उभं आहे.

विश्वामित्री पावागडाकडून येते, शहरातून वळणं घेत घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. तिच्या दोन्ही बाजूंना मऊ गाळाची माती आहे. पावसाच्या पाण्यानं ती चिरत जाऊन ज्या घळी तयार झाल्या त्यांना आपण कोतरं म्हणतो. वर्षातले दहा महिने तिथे बाभळी, बोरी आणि गवत यांशिवाय काही दिसत नाही. लहानपणी शहरातल्या समा भागाच्या बाजूला आम्ही बोरं वेचायला जायचो तेव्हा आजी एकच बजावायची, पाण्याच्या कडेला जाऊ नका, मगरी आहेत. महसुली भाषेत अशा जमिनीला खराबा म्हणतात, म्हणजे जिच्यातून सारा येत नाही ती. सारा येत नाही, पीक येत नाही, म्हणून ती निकामी, असा हिशेब सरकारी कागदावर बसला आणि तोच आपल्या बोलण्यातही आला.

उरलेल्या दोन महिन्यांत कोतरं काय करतात ते पाहा. नदी चढली की पाणी आधी कोतरांत शिरतं, तिथे थांबतं आणि नदी उतरली की हळूहळू परत जातं. शहराच्या आत हेच काम तलाव आणि कांस करतात : भुखी कांस, रूपारेल कांस, मासिया कांस. नवीन लोकांना ही नावं घाणेरड्या गटारांची वाटतात. पण त्या पाण्याच्या जुन्या वाटा आहेत.

आता एक साधा हिशेब. एक हेक्टर खोलगट जमिनीवर दीड मीटर माती टाकली की पंधरा हजार घनमीटर जागा भरली, म्हणजे दीड कोटी लिटर पाण्याची जागा गेली. दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजायचं तर दीड हजार टँकर. ते पाणी नाहीसं होत नाही. भरणी न केलेल्या शेजारच्या सोसायटीत जातं. माती टाकणाऱ्याचं घर कोरडं राहतं आणि समोरच्या जुन्या बैठ्या घरांत पाणी शिरतं, हे बडोद्यात आता कुणाला समजावून सांगायला नको. समा, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कलाली, या सगळ्या भागांत विचारा.

माझी ताई समाकडे राहते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तिच्या तळमजल्याच्या घरात तीन दिवस पाणी होतं. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. देव्हारा, शिलाई मशीन, आईचे जुने फोटो, काही वाचलं नाही. तिनं घर घेतलं तेव्हा ज्यानं ते विकलं त्यानं सांगितलं होतं की टीपी (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे भागातली जमीन रस्ते, बागा आणि प्लॉट यांत नव्यानं आखायची योजना) पडलेली आहे, नकाशा पास आहे, कर्ज मिळतंय. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सोसायटी कोतर बुजवून उभी राहिली आहे, एवढं मात्र सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, कारण कागद पास आहे म्हटल्यावर कोण विचारतं?

इथे कायद्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. टीपी स्कीमची पद्धत आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यापासून चालत आली. आज लागू आहे तो गुजरातचा १९७६ चा नगररचना आणि नागरी विकास कायदा. टीपी स्कीममध्ये काय काय करता येईल त्याची यादी कलम ४० मध्ये आहे आणि त्यात खोलगट, दलदलीच्या, अनारोग्यकारक जागा भरून काढणं हेही येतं. डास आणि हिवतापाला घाबरणाऱ्या काळात ते समजण्यासारखं होतं. पण तीच नजर घेऊन आज कोतराकडे पाहिलं तर कोतर बुजवणं हे सुधारणेचं काम ठरतं. कायदा तसं करू देतो, करायलाच हवं असं म्हणत नाही. हा फरक आराखडा करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावा.

आजव्याच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सयाजीरावांच्या काळात शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलेला आजवा भरला की पाणी विश्वामित्रीत येतं. ते किती आणि कधी सोडावं यावर भांडायलाच हवं. पण ३१ जुलै २०१९ आठवा. त्या दिवशी चोवीस तासांत शहरावर ४९९ मिलिमीटर पाऊस पडला, वीस इंचांच्या जवळपास. त्या हिशेबानं एका हेक्टरवर जवळजवळ पन्नास लाख लिटर. हे पाणी कुठल्या धरणातून आलं नव्हतं. आपल्या गच्च्यांवर, रस्त्यांवर, पार्किंगच्या फरशीवर पडलं आणि त्याला जायला वाट नव्हती. २०२४ ला उलट झालं, वरून पाणी आलं आणि नदी काळा घोड्याच्या पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेली. दोन पूर, दोन कारणं. दोन्ही वेळा पाणी थांबायची जागा मात्र एकच होती, नदीकाठची खोलगट जमीन. आजव्याचं पाणी हेच एक कारण मानलं तरी निष्कर्ष बदलत नाही. वरून जास्त पाणी येणार असेल तर खाली त्याला जास्त जागा लागेल. कमी कशी चालेल?

आणखी एक. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या पावसाळ्याआधी, शहरातला सुमारे २४ किलोमीटरचा नदीचा पट्टा खोल आणि रुंद करण्याचं काम झालं. सार्वजनिक पैसा ओतून नदीच्या पोटात जागा करायची आणि नव्या आराखड्यात नदीच्या अंगाची जागा निवासी करून भरायची, या दोन गोष्टी एकाच शहरात एकाच वेळी कशा चालतील? राष्ट्रीय हरित लवादानंही मे २०२१ मध्ये विश्वामित्रीच्या रक्षणासाठी कृती आराखडा अमलात आणायला सांगितलं होतं. पूर येण्याच्या तीन वर्षं आधी.

आता भावाचा मुद्दा, भाचीला सगळ्यात जवळचा. जमीन निवासी केली की घरं स्वस्त होतात, हे ऐकायला सरळ आहे. प्रत्यक्षात झोन बदलल्याची बातमी फुटली की त्या जमिनीचा भाव त्याच आठवड्यात वाढतो. ती ज्याच्याकडे थांबण्याइतका पैसा आहे त्याच्याकडे जाते, आणि तो घर बांधतो ते भाव आणखी चढल्यावर. घराच्या किमतीत मग ती चढलेली जमीनही येते. कोतरात बांधलं तर भरणीची माती, संरक्षक भिंत आणि उंच जोतं यांचा खर्चही त्यात धरा.

घरं कमी आहेत ती नक्की कुणाला? २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या तांत्रिक गटानं देशाच्या शहरांतली घरांची तूट १ कोटी ८८ लाखांच्या आसपास मोजली होती. त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. आणि सुमारे ८० टक्के तूट होती दाटीची, म्हणजे डोक्यावर छप्पर आहे पण एका खोलीत दोन संसार आहेत. त्याच सुमाराला, २०११ च्या जनगणनेत, शहरांमध्ये १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी सापडली. एकीकडे दाटी आणि दुसरीकडे कुलपं. आकडे जुने आहेत, पण ‘लाखो घरं’ हे उद्दिष्ट कोण राहणार हे न सांगता ठेवलं तर काय होतं ते त्यांत स्पष्ट दिसतं. कुलूप लावून ठेवलेला चौथा फ्लॅटसुद्धा त्या उद्दिष्टात मोजला जातो.

म्हणून उद्दिष्ट ठेवूच नये असं मी म्हणत नाही. ठेवा, पण उत्पन्नगटानुसार ठेवा. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. त्याच कलम ४० मध्ये टीपी स्कीममधली जमीन वाटायचं प्रमाण दिलं आहे : रस्त्यांना १५ टक्के, बागा, मैदानं आणि मोकळ्या जागांना ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना ५, विकून खर्च काढायला १५, आणि सामाजिक-आर्थिक दुर्बलांच्या घरांसाठी १० टक्क्यांपर्यंत जमीन राखता येते. तेव्हा नवी जमीन मागण्याआधी पहिला प्रश्न हा : आजवर पडलेल्या सगळ्या टीपींमध्ये त्या १० टक्क्यांतली किती जमीन राखली, तिच्यावर किती घरं उभी राहिली आणि किती प्लॉट अजून मोकळे आहेत? टीपीवार यादी लावा. भाचीसारख्यांना त्या यादीतून जेवढं कळेल तेवढं झोनच्या रंगीत नकाशातून कळणार नाही.

बागेच्या ५ टक्क्यांबद्दलही माझं एक मागणं आहे. मोकळी जागा उरलेल्या तुकड्यांवर टाकू नका, स्कीममधल्या सगळ्यात सखल भागात, कांसेला लागून टाका. पावसाळ्यात चार दिवस बागेत पाणी उभं राहिलं तर कुणाचा फ्रिज तरंगत नाही. विकायचे आणि घरांचे प्लॉट उंचवट्यावर घ्या. एवढ्या एका नियमानं टीपी स्कीम कोतराची मित्र होऊ शकते.

नदीकाठच्या शेतकऱ्यांचं काय, असं कुणी विचारेल. शेजारच्या गावात जमीन सोन्याच्या भावानं जाते आणि माझी शेती झोनमध्ये अडकली, ही त्यांची तक्रार रास्त आहे. पाण्यासाठी जमीन राखायची तर तिचा मोबदला शहरानं द्यावा, पैशात द्यावा किंवा दुसरीकडे बांधायच्या हक्काच्या रूपात द्यावा. फुकट राखून घेणं अन्यायाचं आहे.

‘घर झालेलेच विरोध करतात’ याला फार शब्द खर्च करत नाही. ताईचं घर झालं होतं. पुरानंतर ते विकायला काढलं तर भाव अर्ध्यावर आला, आणि तोही घेणारा भेटेना.

आता करायचं काय ते. २०१२ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याची दहा वर्षं कधीच उलटली आणि कायद्यानं दहा वर्षांत फेरआढावा व्हायला हवा. नव्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकती आणि सूचनांना दोन महिने मिळतात. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीच्या हरकतीला एका ओळीचं उत्तर मिळतं. हरकत सर्व्हे नंबर घालून लिहा : या नंबरात २०१९ ला इतकं पाणी होतं, २०२४ ला इतकं, तरी मसुद्यात ही जमीन निवासी का? दोन्ही पुरांच्या रेषा झोनच्या नकाशावर सर्व्हे नंबरांसकट छापायची मागणी करा. भरणीची जास्तीत जास्त उंची किती, आणि भरलेल्या जागेइतकी पाण्याची जागा कुठे करून देणार, हे विचारा.

पुरावा आपल्याच भिंतींवर आहे. ताईच्या गल्लीतल्या अकरा घरांत आम्ही पाण्याची खूण टेपनं मोजली, प्रत्येकीचा टेपसकट फोटो काढला, घर नंबर आणि तारीख लिहून ठेवली. सगळ्यात वरची खूण चार फूट दोन इंचांवर आहे. दिवाळीला भिंती रंगवण्याआधी तुमच्याकडची खूणही अशीच मोजून ठेवा, आणि तो मेसेज जिथून आला त्याच ग्रुपवर फोटो टाका.