दहापेक्षा कमी कर्मचारी? तक्रार तरीही करता येते

‘ऑफिसात दहा माणसं नसतील तर लैंगिक छळाचा कायदा लागूच होत नाही’ हा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. २०१३ चा कायदा दुकान, क्लिनिक, गाळा, सगळीकडे लागू आहे. दहाची अट आहे ती फक्त कंपनीने अशा तक्रारींच्या चौकशीसाठी स्वतःची अंतर्गत समिती नेमण्यापुरती. शिवाय मोजणीत कंत्राटी, रोजंदारीवरचे, शिकाऊ असे सगळे धरायचे. मालक सोयीने पगारपत्रकावरचेच मोजतात.

आकडा खरंच कमी असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुंबईत जिल्हे दोन: कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत शहर, पुढे उपनगर. चौकशी त्या-त्या जिल्हाधिकारी कार्यालयात करा.

तक्रार लेखी हवी. सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात, कारण ‘आपसात मिटवू’ म्हणत मालक वेळ काढतो. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते, आणि ही रजा हक्काच्या रजेतून कापली जात नाही.