त्या मेसेजमधलं 'बर्ड ऑफ पॅराडाईज' नेमकं कोणतं?

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या बागवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: 'बर्ड ऑफ पॅराडाईज बाल्कनीच्या सावलीत मस्त येतं. मोठ्यात मोठी कुंडी घ्या, रोज पाणी घाला, सहा महिन्यांत फूल. पानं फाटली तर बुरशी समजून कापा. रात्री ऑक्सिजन देतं आणि मांजरालाही सुरक्षित.' यातली निम्मी वाक्यं खोटी नाहीत, फक्त ती वेगळ्याच झाडाची आहेत.

सहा महिन्यांत फूल येतं ते हेलिकोनियाला. नर्सरीत नारिंगी-लाल चोचींचा हा अमेरिकी उष्ण कटिबंधातला गडी सर्रास 'बर्ड ऑफ पॅराडाईज' म्हणून विकला जातो. खरं झाड म्हणजे स्ट्रेलिट्झिया रेजिनी. ते मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनारपट्टीचं. १७७३ मध्ये ते लंडनच्या क्यू बागेत पोचलं आणि इंग्लंडची राणी शार्लट हिच्या माहेरच्या मेक्लेनबर्ग-स्ट्रेलिट्झ घराण्यावरून त्याला हे नाव मिळालं. बियांपासून वाढवलं तर त्याला पहिलं फूल यायला तीन ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. गड्डा फोडून लावलेलं रोप वर्ष-दोन वर्षांत फुलतं. म्हणून घेताना बारकं स्वस्त रोप घेण्यापेक्षा निदान एक पंखा (बुडातून दोन बाजूंना पसरलेला पानांचा झुबका) पूर्ण वाढलेला, पाच-सहा पानांचा बघा.

फूल नसतानाही दोन्ही ओळखता येतात. हेलिकोनियाची पानं पातळ, पोपटी असतात आणि देठ एकमेकांना गुंडाळून कर्दळीसारखा दांडा तयार होतो. स्ट्रेलिट्झियाचं पान जाड, करडसर हिरवं, चामड्यासारखं; देठ कडक आणि लांब, आणि सगळी पानं जमिनीजवळून दोन बाजूंना पंख्यासारखी निघतात. फूल आलं की शंकाच उरत नाही: आडव्या चोचीतून एकामागून एक वर येणारी फुलं, प्रत्येकाला तीन नारिंगी तुरे आणि मधोमध निळा बाण. त्या बाणावर बोट हलकं दाबून पाहा, फट उघडते आणि आतले पांढरे परागकण दिसतात. मूळ प्रदेशात हे काम तिथं येऊन बसणाऱ्या पक्ष्याच्या वजनानं होतं.

सावलीचं म्हणाल तर झाड जगतं, फुलत नाही. देठ लांबतात, पानं बाहेर लवंडतात आणि वर्षानुवर्षं नुसता हिरवा पसारा राहतो. फुलासाठी रोज चार ते सहा तास थेट ऊन हवं. पुण्यात पूर्वेची किंवा दक्षिणेची गच्ची उत्तम. पश्चिमेच्या बाल्कनीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकला की पानांच्या कडा भाजतात, तेवढे दोन महिने दुपारी हिरवी जाळी पुरे. फुलांचा जोर बहुतेक थंडीत असतो.

फाटलेल्या पानांना बुरशी ठरवणं ही मेसेजमधली सगळ्यात महाग चूक. केळीसारखंच हे पान वाऱ्यानं शिरांमधून चिरतं, त्यात रोग काही नाही. आणि फुलाचा दांडा पानाच्या बगलेतून येतो, त्यामुळे हिरवं पान कापलं की पुढच्या फुलाची शिदोरी गेली. काढायचं ते फक्त पूर्ण वाळलेलं पान, तेही तळाशी.

मोठी कुंडी आणि रोजचं पाणी ही जोडी तर पावसाळ्यात झाड मारतेच. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहते, जाड मांसल मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडतात. मग माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी घालतो. मुळं थोडी दाटलेली असली की हे झाड उलट बरं फुलतं. मोठ्या रोपाला १२ ते १४ इंचांची कुंडी पुरते. बदलायची ती दोन-तीन वर्षांनी आणि दोनच इंच मोठी. मिश्रण असं: दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडी वाळू. निव्वळ काळी माती नको. गड्ड्याची मान, म्हणजे पानं जिथून निघतात ती जागा, मातीच्या पातळीवरच ठेवा. खोल पुरली की फूल लांबतं. बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं तरच पाणी द्या. जून ते सप्टेंबर कुंडीखालची बशी काढून ठेवा. बोअरच्या जड पाण्यानं पानांची टोकं करपत असतील तर महिन्यातून एकदा खालून भरपूर निचरा होईपर्यंत साधं पाणी ओतून क्षार धुवा.

खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरभर पाण्याला दोन ग्रॅम, महिन्यातून एकदा. नुसता युरिया घातलात तर पानंच मिळतील. देठांच्या खाचेत पिठ्या ढेकूण लपतात. ओल्या फडक्यानं पुसून लिटरला पाच मिली निंबोळी तेल, साबणाचे दोन-चार थेंब घालून फवारा.

रात्रीच्या ऑक्सिजनची गोष्ट सोडूनच द्या, उजेडाशिवाय कुठलंच पान तो बनवत नाही. मांजराचं मात्र गंभीर आहे: पानं-बिया चघळल्या तर उलट्या होऊ शकतात. नारिंगी गोंड्याच्या काळ्या बियांपासून लहान मुलांनाही दूर ठेवा.

मेसेज वाचून हेलिकोनिया आणलाच असेल तर टाकू नका. तो अर्ध्या सावलीत, जमिनीत लावा आणि त्याला मात्र ओल राखा. त्याचा दांडा एकदाच फुलतो, म्हणून फूल संपलं की तो बुडाशी कापा. स्ट्रेलिट्झियाचा फुलून गेलेला पंखा मात्र तसाच राहू द्या.