‘दहा दिवसांत वांग गायब’ म्हणणारी ती डबी लावू नका

बाळंतपणानंतर माझ्या मावसबहिणीच्या गालांवर वांग आलंय. तिला घरच्याच ग्रुपवर मेसेज आला: लिंबाचा रस लावून कोवळ्या उन्हात बसा, सनस्क्रीन म्हणजे नुसतं केमिकल, ते टाळा, आणि रात्री पार्लरमधली ‘इम्पोर्टेड’ क्रीम लावा. दहा दिवसांत वांग गायब, साइड इफेक्ट शून्य! तिने डबी मागवलीसुद्धा, म्हणून हे लिहितेय.

लिंबाचं आधी उरकते. त्याचा रस लावून उन्हात बसलं तर त्वचा भाजू शकते, फोड येतात आणि मागे आणखी काळे डाग राहतात. व्हिटॅमिन सीने डाग फिकट व्हायला मदत होते, हे मान्य. पण ते नीट बनवलेल्या सीरममधलं, पोह्यांवर पिळायच्या लिंबातलं नव्हे.

सनस्क्रीन टाळलं तर बाकी उपाय वाया जातात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हानेही वांग गडद होतं.

आता ती डबी. तिच्यावर ना उत्पादकाचा पत्ता, ना बॅच नंबर, ना घटकांची यादी. अशा क्रीममध्ये अनेकदा पारा निघतो. त्वचेत रंगद्रव्य तयार होणं पारा अडवतो, त्यामुळे चेहरा झपाट्याने उजळतो, एवढं खरं. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि मग किडनीत जातो. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण तपासले. या आजारात किडनीची गाळणी बिघडून लघवीतून प्रोटीन जातं. त्यातल्या १५ जणांत एनईएलएल-१ हा विशिष्ट प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. ‘किडनी इंटरनॅशनल’मध्ये हे छापून आलंय. याला साइड इफेक्ट शून्य म्हणायचं?

शिवाय माझी ही मावसबहीण बाळाला गालाशी धरून झोपवते. क्रीममधला पारा हात, उशी, टॉवेल यांवरून घरातल्या इतरांनाही लागतो. तान्ह्या बाळाच्या आईला असली क्रीम सुचवणाऱ्याचा मला मनापासून राग आलाय.

बाळंतपणातलं वांग कित्येकींचं काही महिन्यांत आपोआप फिकं पडतं. नाहीच गेलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बाळ अंगावर पितंय हे आधी सांगा, कारण काही मलमं त्या काळात देत नाहीत. अशी क्रीम लावून झाली असेल तर आजच बंद करा, लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि जाताना डबी सोबत न्या.